पेंड केव्हा द्यायची?

कंधारच्या आपल्या लाल गाईची गोष्ट ऐका. सांजेला चरवी वाजली की तिचे कान वळतात, आणि वासरू सोडायच्या आधीच सडातून थेंब गळतो. पान्हा सुटतो तो ऑक्सिटोसिन या द्रव्यामुळं. वासराच्या ढुसण्यानं ते मेंदूतून रक्तात उतरतं. पण चरवी वाजली की लगेच वासरू लुचतं, असं रोज घडलं की नुसत्या आवाजानंही उतरू लागतं. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांना १९९०च्या दशकात माकडांच्या मेंदूत असंच काही दिसलं. डोपामिन हे द्रव्य सोडणाऱ्या पेशी आधी फळांचा रस तोंडात पडल्यावर उसळत; पुढं रसाच्या आधीच्या खुणेलाच उसळू लागल्या.

यात सगळा खेळ वेळेचा. माळेगावच्या यात्रेतून आणलेल्या गोऱ्ह्याच्या खांद्यावर पहिल्यांदा जू ठेवा. तो मान झटकतो, मागं सरतो, बसकण मारतो. मग कधीतरी दोन पावलं नीट टाकतो. जाणता शेतकरी तिथंच थांबतो, पाठ थोपटतो, मूठभर सरकीची पेंड तोंडाशी धरतो. तीच पेंड संध्याकाळी घमेलंभर टाकली तर गोऱ्हा खाईल, पण कशाबद्दल मिळाली ते त्याला उमगायचं नाही. मधे त्यानं माशा हाकलल्या, पाणी प्यालं, खुंट्याला अंग घासलं. उशिरा ओढलेल्या आसुडाचंही तेच, म्हणून तो हातात घेऊच नये.

आता खरी नवलाई. १९८३ साली मानसशास्त्रज्ञ अँथनी डिकिन्सन आणि सहकाऱ्यांनी उंदरांना दांडी दाबून खाऊ मिळवायला शिकवलं. काहींना दाबण्याच्या संख्येवर खाऊ: जास्त दाबा, जास्त मिळवा. काहींना वेळेवर: थोडा काळ गेल्यानंतर दाबलं तरच खाऊ, मधलं सगळं दाबणं फुकट. मग तो खाऊ खाल्ला की मळमळेल असं केलं. संख्येवाल्यांनी हात आखडता घेतला. वेळेवाले मात्र नकोशा झालेल्या खाऊची दांडी दाबतच राहिले!

असं का? संख्येवाल्यांना कष्ट वाढले की फळ वाढतं हे सतत दिसत होतं, त्यामुळं फळाची किंमत गेली तशी कष्टाचीही गेली. वेळेवाल्यांनी कितीही खटाटोप केला तरी मिळायचं जवळपास तेवढंच. फळ मनातून निसटलं आणि सवय तेवढी उरली.

२००४ मध्ये याचा मेंदूतला ठावही लागला. स्ट्रायटम नावाच्या भागाची बाहेरची बाजू निकामी केली, तर उंदरांना अशी सवय जडत नाही. हा स्ट्रायटम आपल्या गाईलाही आहे, आणि तुम्हा-आम्हालाही.