काढलेली कळ

गेल्या महिन्यात आमच्या एडिटिंगच्या खोलीत नवा लॅपटॉप आला. उजवी करंगळी सवयीने कंट्रोलच्या कळेवर गेली आणि पडद्यावर कृत्रिम बुद्धीचा कोणी मदतनीस ‘काय सेवा करू?’ म्हणत उगवला. उजवा कंट्रोल काढून तिथे त्याची कळ बसवली होती. ज्याला हाक मारली नव्हती तो दारात उभा, आणि जिला मारली ती घर सोडून गेलेली. तेव्हापासून एक जुनी जखम पुन्हा ठसठसते आहे. तिचं नाव एस्केप.

ती कळ अ‍ॅपलच्या मॅकबुक प्रोवरची; त्याची सुरुवातीची वर्षं भराभर उरकतो. २००६ मध्ये मॅकबुक प्रो आला. २००८ मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या एका तुकड्यातून कोरलेलं अंग आलं. त्याच वेळी १३ इंची साध्या मॅकबुकमधलं फायरवायर काढलं, कॅमेरावाल्यांनी ओरड केली आणि आठ महिन्यांत १३ इंची प्रोमध्ये ते परत आलं. ओरडलं की ऐकतात, असा आमचा समज तिथे झाला. २०१२ च्या रेटिना मॉडेलमध्ये डीव्हीडी गेली, इथरनेट गेलं, रॅम बोर्डालाच सोल्डर झाली. तेव्हा मी अ‍ॅपलच्या बाजूने होतो, हे कबूल करायला हवं. कुरकुरणाऱ्या एका साउंडवाल्या मित्राला ‘तू टाइपरायटरच घे’ असं मी सुनावलं होतं. चार वर्षांनी त्याने ते वाक्य व्याजासकट परत केलं.

२७ ऑक्टोबर २०१६. क्युपर्टिनोत सकाळ, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. आम्ही चौघे फराळाचा डबा मध्ये ठेवून बसलो होतो. अ‍ॅपलच्या फिल शिलर यांनी नवा मॅकबुक प्रो दाखवला. फंक्शनच्या कळांची अख्खी रांग जाऊन तिथे काचेची पट्टी आली होती, टच बार. एस्केप त्या काचेत चित्र होऊन उरली होती. चार्जिंगचं मॅगसेफ नाही, एचडीएमआय नाही, जुनी यूएसबी नाही, एसडी कार्डाची खाच नाही. टच बारवाल्या मॉडेलला यूएसबी-सीची चार छिद्रं आणि वर हेडफोनचं. रॅम १६ जीबीच्या पुढे मिळणारच नव्हती. बदल्यात १५ इंची यंत्र १८ मिलिमीटरवरून १५.५ वर आलं. हे अडीच मिलिमीटर कोणी मागितले होते, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

हेडफोनच्या छिद्राची वेगळीच गंमत. आदल्याच महिन्यात आयफोन ७ मधून ते काढताना याच मंडळींनी ‘धैर्य’ हा शब्द वापरला होता. लॅपटॉपवर मात्र ते ठेवलं. मग नव्या आयफोनसोबतचे इअरफोन नव्या लॅपटॉपला लागेनात. एका घरातल्या दोन भावांनी बोलणं टाकावं तसं.

कार्डाची खाच का काढली, यावर शिलर यांचं मुलाखतीतलं उत्तर असं, की ती अडगळ होती, कार्ड अर्धं बाहेर डोकावत राहायचं. अहो, डोकावतं म्हणूनच तर ते काढायला आठवतं! आमच्याकडे ज्यांनी नवं यंत्र घेतलं, ते लग्नाच्या सीझनमध्ये हातात कार्डं घेऊन माझ्या २०१५ च्या मॉडेलपुढे रांगेत उभे असायचे.

पट्टीबद्दल मात्र माझा खरा राग आहे. पेटीवाला सुरांकडे बघत नाही, गाणाऱ्याकडे बघतो. एडिटरचे डोळे टाइमलाइनवर असतात. बोटं आपली वाट आपण शोधतात, कारण कळेला कड असते. काचेला कड नसते. व्हिम वापरणारे प्रोग्रॅमर तर एस्केपवरच जगतात. बरं, हे आधी कुणाला उमगलंच नव्हतं असंही नाही. लेनोवोने २०१४ च्या थिंकपॅड एक्स-वन कार्बनवर अशीच स्पर्शाची पट्टी लावली होती, आणि पुढच्याच वर्षी मुकाट्याने कळा परत बसवल्या होत्या. पुढच्याला ठेच लागली, पण मागचा शहाणा झाला नाही.

४ नोव्हेंबरला अ‍ॅपलने अ‍ॅडॅप्टरच्या किमती वर्षअखेरपर्यंत उतरवल्या. घ्यावेत की नाही, यावर आमच्यात चार दिवस खल चालला. मग ८ तारखेची नोटाबंदीची रात्र आली आणि खिशातली पाचशेची नोटच चालेनाशी झाली. पुढे पुण्याच्या तपकीर गल्लीत अ‍ॅडॅप्टरची शोधाशोध सुरू झाली. तोवर आपल्याकडे डोंगल म्हणजे नेटची कांडी; आता डोंगल म्हणजे लॅपटॉपला लोंबणारं शेपूट.

या काळात आम्हाला सर्वांत जास्त कोणी छळलं असेल, तर ‘सवय होईल’ म्हणणाऱ्यांनी. यातले बहुतेक जण लॅपटॉपवर ईमेल वाचत. जुन्याला चिकटून बसलेले, बदलाला घाबरणारे, अशी विशेषणं आम्ही झेलली. आणि सवय कशाची करायची? या नव्या यंत्रावरच्या बटरफ्लाय कीबोर्डमध्ये धुळीचा कण गेला की अक्षर एकदा दाबून दोनदा उमटे किंवा उमटतच नसे, अशा तक्रारींचा जगभर ढीग साचला. कंपनीचा अधिकृत उपाय वाचून मी दोनदा चष्मा पुसला होता: लॅपटॉप ७५ अंशांत तिरका धरा आणि दाबाच्या हवेचा फवारा मारा. मेट्रोसाठी खोदलेल्या पुण्यात! जून २०१८ मध्ये फुकट दुरुस्तीची योजना जाहीर झाली. त्या कीबोर्डवरून गुदरलेल्या दाव्यात २०२२ मध्ये ५ कोटी डॉलरची तडजोड ठरली.

त्याआधीच, नोव्हेंबर २०१९ मध्ये, १६ इंची मॉडेलवर खरी एस्केप परत आली. १८ ऑक्टोबर २०२१ ला उरलेलंही बहुतेक आलं: मॅगसेफ, एचडीएमआय, कार्डाची खाच, फंक्शनच्या पूर्ण उंचीच्या कळा. टच बार त्या यंत्रांवरून गेला. चुकलो, असं त्या कार्यक्रमात कोणी म्हणालं नाही. आमच्याच घरातून नेलेली भांडी नवं नाव घालून आहेर म्हणून आली, आणि आम्ही ती रांगेत उभं राहून घेतली. साउंडवाल्या मित्राने पहिल्या दिवशीच बुकिंग केलं. मीही.

आता हा उजवा कंट्रोल. आमची असिस्टंट म्हणाली, ‘‘सर, ती कळ सॉफ्टवेअरने पुन्हा कंट्रोल करता येते,’’ आणि दोन मिनिटांत तिने ती करूनही दिली. वरचं चित्र मात्र त्या मदतनिसाचंच आहे. म्हणून मी त्यावर पांढरी चिकटपट्टी लावून स्केचपेनने ‘कंट्रोल’ लिहिलंय. आठवड्याभरात घासून जातं. पुन्हा लिहितो.