मोटारीतील कातडी साज : बदलावा केव्हा आणि कसा

मोटारीचे यंत्र बिघडले म्हणजे ते आवाज करून मालकाला सांगते. आतले कातडे मात्र निमूटपणे खराब होत जाते. ग्वाल्हेरच्या किंवा इंदूरच्या वैशाखातील उन्हात काचा लावून ठेवलेल्या गाडीत चालकासमोरच्या फळीचे तापमान ७० अंश सेल्सिअसच्या घरात जाऊ शकते. चांगल्या कातड्यात साधारणपणे १२ ते १४ टक्के ओलावा असतो. या धगीत तो उडून जातो, तंतू आखडतात आणि काही उन्हाळ्यांनंतर बैठकीच्या कडेला बारीक तडे दिसू लागतात. गोव्याकडचे दुखणे याच्या उलट. तेथे पावसाळ्यात दमट हवा कोंडलेल्या गाडीत कातड्यावर बुरशी चढते आणि सुती दोऱ्याची शिवण कुजते. असे झाले म्हणजे मालकापुढे प्रश्न उभा राहतो : सगळा साज नवा करावा, की बिघडला तेवढाच तुकडा बदलावा?

उत्तर देण्यापूर्वी बदलायचा तुकडा खरोखर कातड्याचा आहे की नाही, हे पाहावे. अनेक गाड्यांत अंगाला लागणारा बैठकीचा भाग तेवढा कातड्याचा असतो; बाजू, पाठीमागचा भाग आणि दारांची आवरणे रेग्झीनची असतात. पारख सोपी आहे. तुकड्याची मोकळी कड उलटून पाहिली असता कातड्याची मागची बाजू तंतुमय, लवेसारखी दिसते. रेग्झीनच्या मागे विणलेले कापड आढळते. ही पारख न करता दर ठरवणारा गिऱ्हाईक रेग्झीनसाठी कातड्याचे पैसे मोजून बसतो.

कातडे कोणते घ्यावे, हेही समजून घेतले पाहिजे. कोल्हापूर आणि बेळगाव या भागांतील प्रसिद्ध चपलांचे कातडे बाभळीची साल व हिरडा यांनी कमावण्याची परंपरा आहे. ते टणक आणि टिकाऊ असते, परंतु उन्हाने काळवंडते व फार उष्णतेत आखडते. त्यामुळे पायाला उत्तम असलेले हे कातडे मोटारीच्या बैठकीला उपयोगी पडत नाही. मोटारीसाठी बहुधा क्रोमच्या क्षारांनी किंवा तत्सम आधुनिक द्रव्यांनी कमावलेले, रंगाचा संरक्षक थर दिलेले कातडे वापरतात. त्याची जाडी साधारण १ ते १.२ मिलिमीटर असते. एकाच कातड्यातही सर्व भाग सारखे नसतात. पाठीचा भाग घट्ट असतो; पोटाकडचा सैल असतो आणि ताणला की तसाच राहतो. म्हणून ज्या तुकड्यावर माणसाचा भार पडतो, तो पाठीच्या भागातूनच कापावयास हवा.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. जाणता कारागीर जुने आवरण ओढून फाडत नाही. तो शिवण एकेक टाका करून उसवतो. प्रत्येक तुकड्याच्या मागे क्रमांक घालतो, आणि दोन तुकडे जेथे जुळतात तेथे खुणा करून ठेवतो. हे जुने तुकडे म्हणजेच नव्या कापणीचे नमुने. परंतु वर्षानुवर्षे बसून जुना तुकडा ताणलेला असतो. त्याच्याच मापाने कापले, तर नवी बैठक पहिल्या दिवसापासून सुरकुतते. याकरिता कमी वापरलेल्या बाजूच्या बैठकीवरून माप ताडून पाहावे लागते. रंगाचेही तसेच. उन्हात राहिलेला पृष्ठभाग फिकटलेला असतो. मूळ रंग शिवणीच्या आत दुमडलेल्या कडेवर शिल्लक असतो. गाडीचा मूळ रंग कोणता होता, हे तेथे कळते. मात्र एकच तुकडा बदलावयाचा असेल, तर नवा रंग शेजारच्या फिकट रंगाशी जुळवावा लागतो. नाहीतर नवा तुकडा ठिगळासारखा उठून दिसतो.

कडा दुमडण्यापूर्वी रापीने तासून पातळ केल्या नाहीत, तर शिवण जाड होऊन अंगाला टोचते. दोरा सुती नको. पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा हवा. टाकेही फार जवळ नकोत, कारण टपालाचे तिकीट जसे छिद्रांच्या रांगेवर सहज फाटते, तसेच कातडेही फाटते. याच कारणाने शेजारच्या जुन्या कातड्यात नवी छिद्रे न पाडता मूळ छिद्रांतूनच सुई काढणे श्रेयस्कर. दारावरील तुकडा डकवताना उष्णतेत न सुटणारा डिंक दोन्ही पृष्ठांना लावून, तो किंचित सुकल्यावर मधून कडांकडे दाबत जावे. साधा डिंक पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुरक्षिततेची आहे. आजच्या कित्येक गाड्यांत बैठकीच्या बाहेरील कडेत एअरबॅग बसवलेली असते. अपघाताच्या क्षणी ती ठराविक शिवण फोडून बाहेर येते, आणि त्यासाठी ती शिवण मुद्दाम वेगळ्या रीतीने घातलेली असते. तेथे कारागिराने हौसेने मजबूत दुहेरी शिवण घातली किंवा वरून जाड आवरण चढवले, तर पिशवी वेळेवर उघडणार नाही. अशा गाडीचे काम करताना बॅटरीची तार सोडून, गाडीच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय बैठक काढू नये. चक्राच्या मध्यभागीही एअरबॅग असते. तेथे काहीही चिकटवू नये. चक्राच्या कड्याला कातडे घालायचे ते घट्ट ताणून, हाताने शिवलेले असावे. सैल आवरण वळणावर हातातच फिरते.

जुन्या, संग्राह्य गाड्यांचा न्याय निराळा आहे. जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात अशा मोटारींचा मोठा मेळावा भरला होता. या क्षेत्रातील जाणकार साजाच्या अस्सलपणाला मोठे मोल देतात. लंडनच्या कॉनली या १८७८ साली स्थापन झालेल्या पेढीचे कातडे रोल्स-रॉइससारख्या गाड्यांत वापरले जाई. असे मूळ कातडे तडकलेले असले तरी फाटलेले नसेल, तर ते स्वच्छ करून राखणेच शहाणपणाचे. एकदा काढून टाकल्यावर ते परत मिळत नाही.

रोजच्या गाडीपुरता नियम असा सांगता येईल : कातडे वरवर रुक्ष झाले असेल तर जपावे, शिवण सुटली असेल तर शिवावे, आणि तंतूच तुटले असतील तरच तुकडा बदलावा. खोबरेल तेल चोपडण्याची सवय मात्र सोडावी. रंगाचा थर दिलेल्या कातड्यात ते मुरत नाही. वर राहून धूळ धरते. ओलसर मऊ फडक्याने पुसणे आणि गाडी सावलीत उभी करणे, एवढी काळजी घेतली तरी कारागिराकडे जाण्याची वेळ पुष्कळ लांबते. ती आलीच, तर काढलेले जुने तुकडे मालकाने मागून घ्यावेत आणि जपून ठेवावेत. पुढच्या कारागिराला त्यांच्याइतका भरवशाचा नमुना दुसरा मिळणार नाही.