स्फटिकातला भटका एक्सायटॉन

अँथ्रासीनच्या शुद्ध स्फटिकावर अतिनील किरण पाडले की तो निळाजांभळा चमकतो. त्यात दहा हजार रेणूंमागे टेट्रासीनचा एखादाच रेणू मिसळला, तर चमक हिरवी होते. किरण शोषणारे बहुतेक रेणू अँथ्रासीनचेच असतात, मग हिरवा प्रकाश येतो कुठून? शोषलेली ऊर्जा एका रेणूवर बसून राहत नाही. ती शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सरकत जाते आणि टेट्रासीनचा रेणू वाटेत आला की तिथेच अडकते.

प्रकाश शोषताना रेणूतला एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो व मागे धनभारित पोकळी उरते. सिलिकॉनमध्ये ही जोडी खोलीच्या तापमानाला सहज फुटते. सेंद्रिय स्फटिकात मात्र दोघांतले आकर्षण अर्ध्या ते एक इलेक्ट्रॉन-व्होल्टइतके असते, म्हणून जोडी बहुधा एकाच रेणूवर टिकते. हाच एक्सायटॉन. याकोव्ह फ्रेंकेल यांनी १९३१ मध्ये त्याची कल्पना मांडली. तो ऊर्जा वाहून नेतो, विद्युतभार नाही.

काही नॅनोसेकंदांच्या आयुष्यात अँथ्रासीनच्या चांगल्या स्फटिकात तो सुमारे पन्नास नॅनोमीटर भटकतो. पातळ थरात रेणू वेडेवाकडे बसलेले असतात. तिथे एक्सायटॉन कमी ऊर्जेच्या जागी उतरतो आणि पुन्हा वर चढू शकत नाही, त्यामुळे मजल दहाएक नॅनोमीटरवरच संपते. सेंद्रिय सौरघटात एक्सायटॉन दोन पदार्थांच्या सीमेवर पोहोचला तरच फुटतो, म्हणून ते पदार्थ एकमेकांत इतके बारीक मिसळावे लागतात.

वीज सोडून एक्सायटॉन तयार केले, तर इलेक्ट्रॉनच्या फिरकीच्या (स्पिनच्या) गणिताने चारांतला एकच सिंग्लेट, म्हणजे सहज प्रकाश देऊ शकणारा, निघतो. उरलेले तीन ट्रिप्लेट असतात आणि साध्या सेंद्रिय रेणूंत ते जवळजवळ प्रकाश देतच नाहीत. १९८७ मध्ये टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी दाखवलेल्या ओएलईडीलाही (सेंद्रिय प्रकाश-उत्सर्जक डायोडलाही) हीच मर्यादा होती. पुढे प्लॅटिनम, इरिडियम असे जड अणू असलेले रेणू वापरल्यावर ट्रिप्लेटही उजळू लागले.

टेट्रासीनची खरी गंमत वेगळीच आहे. पाहुणा म्हणून अँथ्रासीनमध्ये छान चमकणारा हा रेणू स्वतःच्या स्फटिकात फिका पडतो. तिथे एक सिंग्लेट शंभरेक पिकोसेकंदांत दोन ट्रिप्लेटमध्ये दुभंगतो. प्रकाशाच्या दृष्टीने हा तोटाच, पण एका फोटॉनमागे दोन एक्सायटॉन मिळत असल्याने सौरघट बनवणाऱ्यांचे टेट्रासीनकडे बारकाईने लक्ष आहे.