विनामूल्य सल्ला आणि दायित्व
मोबदला न घेता दिलेल्या सल्ल्याबद्दल तज्ज्ञास जाब द्यावा लागतो काय? हेडली बर्न खटल्यात (१९६३) ब्रिटिश उमरावसभेने याचे उत्तर तत्त्वतः होकारार्थी दिले. एका जाहिरातसंस्थेने आपल्या ग्राहकाच्या सांपत्तिक स्थितीविषयी त्याच्या बँकेकडे विचारणा करविली. अभिप्राय अनुकूल आला. ग्राहक बुडाला आणि संस्थेस १७,००० पौंडांहून अधिक तोटा झाला. करार नसला, तरी आपल्या विशेष ज्ञानावर दुसरा विसंबणार हे ठाऊक असता सावधगिरीचे कर्तव्य उद्भवू शकते, असे न्यायमूर्तींचे मत पडले. बँक मात्र सुटली. ‘जबाबदारी न घेता’ हे शब्द तिने आरंभीच घातले होते!

स्नेह्यांच्या बागेचे काम फुकट पाहणाऱ्या वास्तुविशारद बाईंसही २०१७ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने हेच तत्त्व लावले. जेवढे काम प्रत्यक्ष केले, तेवढ्यापुरतेच ते कर्तव्य होते. २०१८ साली त्यांची हयगय शाबीत झाली नाही.