लहान मुलांची खरूज

मंडळी, दिवसभर अंगणात हुंदडणारे पोर रात्री अंथरुणाला पाठ टेकताच कराकरा खाजवू लागते. मध्यरात्री रडत उठते. आई झोपमोड करून अंगावरून हात फिरवीत बसते. सकाळी उजेडात पाहावे, तर बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती बारीक बारीक पुटकुळ्या. अशा घरी पहिला सल्ला शेजारून येतो : "उष्णता झाली असेल." दुसरा घरातलेच कोणी वडीलधारे देतात : "रक्त बिघडलंय, पोराचं वांगं-अंडं बंद करा." आणि तिसरा सल्ला मलमाच्या नळीच्या रूपाने औषधांच्या दुकानातून येतो. हे तिन्ही सल्ले बाजूला ठेवून आज आपण या खाजेचे मूळ पाहू.

सगळीच खाज खरजेची नसते, हे आधी सांगितले पाहिजे. उन्हाळ्यात मानेवर, पाठीवर उठते ते घामोळे. गार पाण्याने आणि वाऱ्याने ते बसते. अंगावर लालसर गांधी उठून काही तासांत जागा बदलतात, ते पित्त. गोल कडा असलेला आणि मध्ये बरा होत जाणारा चट्टा गजकर्णाचा. तान्ह्या मुलाच्या गालांवर किंवा थोड्या मोठ्या मुलाच्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत कोरडे, खरखरीत चट्टे पडतात ते इसब. आणि ताप, खोकला, लाल डोळे यांच्यासोबत अंगभर पुरळ आले असेल तर गोवराची शंका घ्यावी. तेव्हा घरी थांबू नये. ओठ सुजून दम लागणे, मूल मलूल होणे, किंवा दाबले तरी फिकट न होणारे लालजांभळे ठिपके अंगावर दिसणे, या गोष्टींना तर तासाभराचीही ढिलाई नको. तडक दवाखाना गाठावा.

खरजेची खूण मात्र वेगळी आहे. खाज रात्री वाढते, आणि घरात खाजवणारे ते मूल एकटे नसते. आईच्या मनगटाला, आजीच्या कमरेला, भावाच्या बोटांना खाज आहे का, हे विचारून पाहावे. दोघेतिघे "हो, जरा खाजतंय खरं" म्हणाले, की निम्मे निदान झालेच समजा. दीडदोन वर्षांच्या आतल्या मुलात आणखी एक गोष्ट दिसते : मोठ्यांच्या चेहऱ्याला, डोक्याला, तळव्यांना खरूज सहसा शिवत नाही, पण तान्ह्याच्या तळहातांवर, तळपायांवर, टाळूवरसुद्धा पुटकुळ्या येतात.

आता हे होते कशाने? उष्णतेने नव्हे, बिघडलेल्या रक्तानेही नव्हे. गोचिडाच्या दूरच्या नात्यातला एक आठ पायांचा किडा माणसाच्या कातडीत राहतो. त्याची मादी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी; नुसत्या डोळ्याला जेमतेम टिंबासारखी दिसेल एवढी. ती कातडीच्या अगदी वरच्या थरात बोगदा खणीत जाते आणि रोज दोनतीन अंडी घालते. तीनचार दिवसांत अंडी फुटतात, आणि साधारण दोन आठवड्यांत ती पिले पुन्हा अंडी घालण्याजोगी होतात. गंमत अशी, की एवढी खाज सुटूनही साध्या खरजेत अख्ख्या अंगावर असे किडे दहापंधराच असतात!

मग दहापंधरा किड्यांनी एवढा धुमाकूळ का? कारण खाज किड्याच्या चावण्याची नसते. त्याची लाळ, अंडी, विष्ठा यांची ओळख आपल्या शरीराला पटते, आणि शरीर त्यांच्यावर चवताळते. त्याची ती खाज. ही ओळख पटायला पहिल्या वेळी चार ते सहा आठवडे लागतात. इथेच खरी मेख आहे, नीट ध्यानात घ्या. किडा अंगावर आला तरी महिना-दीड महिना माणसाला काहीच जाणवत नाही, पण तेवढ्या काळात तो दुसऱ्याला मात्र खरूज देऊ शकतो. म्हणून खाजवणाऱ्या एकट्या पोराला औषध लावले, तर ते बरे होते आणि ज्याला अजून खाज नाही अशा भावाच्या कुशीत झोपून पुन्हा घेऊन येते. आणि दुसऱ्या खेपेस शरीराला ओळख आधीच असते, त्यामुळे खाज एकदोन दिवसांतच सुरू होते. लोक म्हणतात, "औषध लागू पडलं नाही." औषध लागू पडले होते, घर राहून गेले होते.

या किड्याच्या शोधाची हकीकत आपल्या आयाबहिणींनी ऐकण्यासारखी आहे. इटलीतील बोनोमो नावाच्या वैद्याने चेस्तोनी या औषधविक्याच्या साहाय्याने सूक्ष्मदर्शकाखाली हा किडा पाहिला आणि 1687 साली त्याचे वर्णन छापले. पण त्याला वाट कोणी दाखवली? गोरगरीब बायका आपल्या खरजुल्या मुलांच्या कातडीतून टाचणीच्या टोकाने काहीतरी बारीक टिपून काढीत, हे त्याच्या कानी आले होते. पुढे विद्वानांनी ही गोष्ट मानली नाही आणि ती विस्मरणात गेली. 1834 साली पॅरिसमध्ये रेनुची नावाच्या विद्यार्थ्याने सर्वांदेखत कातडीतून किडा काढून दाखवला, तेव्हा कुठे वाद मिटला. हा विद्यार्थी कॉर्सिका बेटावरचा, आणि सुईने किडा काढण्याची रीत त्याने पाहिली होती ती तिथल्या खेड्यातल्या बायकांजवळ. म्हणजे दोन्ही खेपेस मोठमोठ्या पंडितांच्या आधी ही गोष्ट आयांना ठाऊक होती!

घरी कोणी सुई घेऊन बसू नये मात्र. आता चांगली औषधे आहेत.

सध्या बहुधा पहिल्यांदा दिले जाते ते पर्मेथ्रिन नावाचे, शेकडा पाच टक्क्यांचे मलम. दोन महिन्यांच्या पुढच्या मुलाला ते चालते. त्याहून लहान बाळाला काय द्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवावे. अशा बाळांसाठी सौम्य गंधकाचे मलम फार दिवसांपासून वापरात आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात मूल दाखवून, निदान पक्के करून, औषध किती आणि कोणाकोणाला हे विचारून घ्यावे. खरजेवर पोटात घ्यायची गोळीही आहे, पण पंधरा किलोच्या आतल्या मुलाला आणि गरोदर बाईला ती सहसा देत नाहीत. तेव्हा शेजाऱ्याच्या घरची उरलेली गोळी मोडून पोराला देणे नको.

मलम लावण्याची रीत औषधाइतकीच महत्त्वाची आहे. रात्री, अंग कोरडे आणि गार असताना ते लावावे. कढत पाण्याने न्हाऊ घालून लगेच नव्हे. जिथे पुटकुळ्या दिसतात तिथे ठिपके देऊन भागत नाही. मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, बेचक्यांत, काखेत, जांघेत, ढुंगणाच्या खाचेत, तळपायांवर, कापलेल्या नखांच्या खालीसुद्धा पातळ थर बसला पाहिजे. लहान मुलाला डोके, कपाळ, कानांच्या मागे असेही लावायचे; डोळे आणि तोंड तेवढे सोडायचे. तान्हे बाळ मुठी चोखते, म्हणून हातात सुती पायमोजे घालावेत. अंगावर पाजणाऱ्या आईने पाजण्यापूर्वी स्तन धुऊन घ्यावा आणि मग पुन्हा मलम लावावे. रात्रीत हात धुतले, लंगोट बदलला, तर त्या जागी परत लावावे. आठ ते चौदा तासांनी आंघोळ घालावी.

आणि हे सारे घरातल्या प्रत्येकाने त्याच रात्री करायचे. खाज असो वा नसो. आजोबा म्हणतील, "मला कशाला? मला काय झालंय?" त्यांनाही लावायचे. किंबहुना म्हाताऱ्या, अशक्त माणसाकडे जरा निरखून पाहावे; त्यांच्यात कधी कधी खाज कमी पण कातडीवर जाड खपल्या, अशी खरूज असते, आणि तिच्यात किडे दहापंधरा नव्हे तर हजारो असतात. असे दिसले तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

एका आठवड्याने हीच रात्र पुन्हा पाळायची. का, ते वरच्या हिशेबावरून तुमच्या ध्यानात येईल. पहिल्या खेपेस किडे मरतात, पण एखादे अंडे वाचू शकते. ते तीनचार दिवसांत फुटते. त्यातले पिलू अंडी घालू लागण्याआधी दुसरी खेप पडली, की वंश खुंटला.

कपड्यांची भीती मात्र फार बाळगू नका. माणसाच्या अंगावरून उतरला, की हा किडा दोनतीन दिवसांत मरतो. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1941 च्या सुमारास, केनेथ मेलनबी नावाच्या शास्त्रज्ञाने शेफील्ड येथे स्वखुशीने आलेल्या माणसांना खरजुल्या सैनिकांच्या न धुतलेल्या घोंगड्यांत झोपवून पाहिले. बहुतेकांना काहीच झाले नाही. रोग लागतो तो मुख्यतः कातडीला कातडी बराच वेळ लागून राहिल्याने : एका गोधडीत झोपणे, कडेवर घेणे, कुशीत घेणे. म्हणून मागच्या तीनचार दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, पंचे तेवढे कढत पाण्यात भिजवून, धुऊन उन्हात वाळवावेत. जाड वाकळ धुता येत नसेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावी. घर सारवून काढायची, खाट जाळायची, शेळी बाहेर बांधायची काही गरज नाही. जनावरांची खरूज वेगळ्या किड्याची असते. तिने माणसाला चार दिवस खाज सुटेल, पण तो किडा माणसावर संसार थाटीत नाही.

खरजेला गलिच्छपणाचा रोग म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. हा शिक्का अन्यायाचा आहे. रोज दोनदा न्हाणाऱ्या घरातही ती शिरते, कारण साबणाने बोगद्यातला किडा निघत नाही. जिथे एका खोलीत सहाजण दाटीवाटीने झोपतात तिथे ती जास्त फिरते, एवढाच त्याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली खरजेला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले. दुर्लक्षित हा शब्द अगदी योग्य आहे; लाजेपायी आपण ती झाकतो, आणि झाकली की ती फोफावते.

दुर्लक्षाचा धोका खाजेपुरता नाही. पोर नखांनी ओरबाडते, त्या जागी पू होतो, आणि त्या पुवातल्या जंतूंपैकी काहींच्या संसर्गानंतर तीन ते सहा आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. सकाळी उठल्यावर मुलाचे डोळे-तोंड सुजलेले दिसले, लघवी कमी झाली किंवा चहाच्या रंगाची होऊ लागली, तर मागे खरूज पिकली होती हे आठवून डॉक्टरांना सांगा. पिकलेल्या खरजेवर मलमाबरोबर पुवाचे औषधही लागते.

घरगुती उपायांविषयी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. खोबरेल तेलाने कोरडी कातडी मऊ होते, कोमट पाण्याने बरे वाटते, जरूर करा. पण रॉकेल, चुना, फवारणीचे औषध आणि गोठ्यातले गोचिडाचे औषध यांना मुलाच्या अंगापासून दूर ठेवा. "गोचीड मरतो, मग खरजेचा किडा का मरणार नाही?" हा तर्क वरवर बिनचूक दिसतो. परंतु मुलाची कातडी पातळ, वजन कमी. ते विष कातडीतून आत जाऊन जिवावर बेतते. दुकानातून मिळणाऱ्या मिश्र मलमांचीही अशीच गोष्ट आहे. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने दोन दिवसांत खाज बसते, लाली जाते, घरचे खूश होतात, आणि आत किडा सुखाने वाढत राहतो. शिवाय रोगाचे रूप इतके बदलते, की पुढे डॉक्टरांनाही ओळखणे अवघड जाते. आणि वांगे-अंड्याचे म्हणाल, तर खरजेसाठी वाढत्या मुलाचे अंडे, डाळ, दूध तोडण्याचे काहीएक कारण नाही.

औषधाच्या दोन्ही खेपा नीट झाल्यावरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते. मेलेले किडे आणि त्यांची घाण कातडीबरोबर झडून जाईपर्यंत शरीराचा राग निवत नाही. या दिवसांत घाबरून रोज रोज मलम चोपडू नये. त्यानेच कातडी भाजल्यासारखी होते. महिन्यानंतरही नव्या पुटकुळ्या उठत असतील, तर पुन्हा दाखवावे, आणि त्या आधी घरातले कोणी राहिले होते का ते आठवावे : ऊसतोडीला गेलेला बाप परत आला का, मामाकडची भावंडे राहून गेली का.

शाळेतील गुरुजींना आणि बाईंना, तसेच अंगणवाडीच्या ताईंना, यात पुष्कळ करण्यासारखे आहे. परिपाठाच्या वेळी नखे पाहताच ना? मग बोटांच्या बेचक्यांवरही एक नजर टाका. शंका आली तर मुलाला वर्गासमोर उभे करू नका, वेगळ्या पट्टीवर बसवू नका. आईबापांना बाजूला घेऊन बोला. औषधाची पहिली रात्र झाली, की दुसऱ्या दिवशी मूल शाळेत यायला हरकत नसते. तेव्हा त्याची शाळा महिनाभर बुडवण्याची जरूर नाही. आश्रमशाळेत आणि वसतिगृहात काम मोठे आहे. तिथे एका खोलीतल्या सगळ्यांना, आणि शक्य तर साऱ्या वसतिगृहाला, स्वयंपाकी आणि अधीक्षकांसह, एकाच रात्री औषध दिले पाहिजे. आरोग्य केंद्राला आठवडाभर आधी मुलांची संख्या आणि वजने कळवलीत, तर औषध पुरेसे येते. दिवाळीच्या सुट्टीहून मुले परतली, की त्या आठवड्यातच सर्वांचे हात पाहून घ्यावेत.

घरी मात्र पहिली रात्र गावच्या बाजाराच्या दिवसाची धरा. त्या संध्याकाळी सगळे घरी असतात, औषध आणलेले असते, आणि दुसऱ्या खेपेची तारीख वेगळी लिहून ठेवावी लागत नाही. पुढचा बाजार आला, की ती आपोआप आठवते.