रुळांवरचा महाराष्ट्र – भाग ६ : वळणाला वाकणारं इंजिन

अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, रेल्वे नाही. आंबेगाव आणि जुन्नर या दोन्ही तालुक्यांत अजून रूळ आलेलाच नाही. पुणे-नाशिक मार्गाची चर्चा तेवढी वर्षानुवर्षं चालू आहे. इथल्या विद्यार्थ्यांना डोंगर चढणारी गाडी पाहायची असेल, तर सह्याद्रीच्या पलीकडे उतरायला हवं. घोडेगाव, डिंभे मागे टाकत एसटी भीमाशंकरला जाते. तिथून शिडीघाटाने किंवा गणेशघाटाने पायी उतरलं की खांडस, आणि तिथून पुढे नेरळ. माथेरानची राणी म्हणतात ती छोटी गाडी सुटते ती याच नेरळहून.

ही गाडी उभी केली अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी. वडील सर आदमजी पीरभॉय यांनी त्यासाठी १६ लाख रुपये दिले. १९०४ मध्ये काम सुरू झालं आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी धावू लागली.

नेरळ कोकणच्या सपाटीवर, तर माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर. दातेरी पट्टीचा तिसरा रूळ न टाकता, निव्वळ चाक आणि रूळ यांच्या घर्षणावर हा चढ चढायचा होता. चढ सौम्य करायचा तर वाट लांबवावी लागते. म्हणून डोंगराला वळसे घालत ती जवळपास २१ किलोमीटरची झाली. तरीही काही ठिकाणी २० मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर वर चढते. इतकी आवळ वळणं मोठ्या रुळांना झेपलीच नसती. ती घेता यावीत म्हणून दोन रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट ठेवलं.

खरी अडचण इंजिनाची होती. जोर मिळवायला सगळी चाकं दांड्यांनी एकमेकांना जोडावी लागतात, आणि अशी जोडलेली ताठ चाकं वळणावर रुळाला घासतात, अडकतात. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने बनवलेल्या चार इंजिनांत यावर क्लिएन-लिंडनर पद्धतीचा तोडगा होता. पुढच्या आणि मागच्या चाकांचा आस दुहेरी. आतला भरीव आस दांड्यांनी फिरतो, पण स्वतः वळत नाही. त्याच्यावर नळीसारखा पोकळ आस, आणि चाकं या पोकळ आसाला बसवलेली. दोन्ही आस मधोमध एका गोल गाठीवर जोडलेले. त्यामुळे आतून जोर मिळत राहतो आणि बाहेरची चाकं वळणाप्रमाणे तिरपी होतात. शंभर वर्षांपूर्वीची ही युक्ती आजही यंत्र अभियांत्रिकीच्या वर्गात उलगडून दाखवावी इतकी देखणी आहे.

जुम्मापट्टी सोडल्यावर वॉटर पाइप नावाचं स्थानक लागतं. तहानलेली इंजिनं इथं पाणी घ्यायची, आणि त्याची ओळख स्थानकाच्या नावात राहिली. उतरताना कसोटी ब्रेकची. डब्यांवर ब्रेक लावणारी माणसं असत. चालकाच्या शिट्टीच्या इशाऱ्यावर ती हाताने ब्रेक आवळत. चुकीला जागाच नव्हती.

१९८० च्या दशकात वाफेची नेहमीची फेरी थांबली आणि गाडी डिझेलवर धावू लागली. चारांपैकी ७४० क्रमांकाचं इंजिन ब्रिटनला गेलं. डोंगराने मात्र मार्गाची परीक्षा घेणं सोडलं नाही. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत रूळ वाहून गेले, २०१९ च्या पावसाने पुन्हा तेच केलं. नेरळपासून माथेरानपर्यंतची पूर्ण फेरी ऑक्टोबर २०२२ मध्ये परत सुरू झाली.

(पुढील भागात : कुर्डुवाडी ते बार्शी, १८९७ – एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची अडीच फुटी बार्शी लाइट)