भूक, सवय की आजार?

‘अरे, तो ना, एक नंबरचा सेक्स अ‍ॅडिक्ट आहे!’ ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणाबद्दल ना कुणाबद्दल हे वाक्य पडतं आणि टेबलावर हशा पिकतो. पण हाच शब्द माझ्या एका मैत्रिणीनं स्वतःच्या नवऱ्याबद्दल वापरला, तेव्हा ती रडत होती. लग्नाला चार वर्षं झालेली, दोघांना चांगला जॉब, घराचा हप्ता वेळेवर. आणि नवरा रोज रात्री दोन-अडीचपर्यंत मोबाइल घेऊन बाहेरच्या खोलीत. ‘त्याला सेक्स हवा असतो गं, पण मी नको असते,’ ती म्हणाली. त्यावर काय बोलावं, मला सुचेना. म्हणून मी या विषयावर वाचायला घेतलं.

किती म्हणजे जास्त?

सगळ्यात आधी हा प्रश्न पडतो ना? तर मंडळी, इथे आकडा महत्त्वाचा नाहीच. आठवड्यातून किती वेळा, यावरून कुणी आजारी ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची अकरावी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात ‘कम्पल्सिव्ह सेक्शुअल बिहेविअर डिसऑर्डर’ हा आजार आहे. त्याची खूण काय? आवरायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही आवरत नाही. तब्येत, काम, नाती यांची वाट लागते, तरी थांबता येत नाही. कधी कधी तर मजाही येईनाशी होते, तरी ते चालूच राहतं. आणि हे सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ.

गंमत म्हणजे, ‘अ‍ॅडिक्शन’ या शब्दावर तज्ज्ञांचंच एकमत नाही. या यादीत हा आजार दारू-जुगाराच्या व्यसनांसोबत नाही, तर आवेग आवरता न येण्याच्या गटात बसवलाय. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३च्या आपल्या यादीत ‘हायपरसेक्शुअल डिसऑर्डर’ घ्यायला नकारच दिला.

आणखी एक अट आपल्यासाठी फार मोलाची आहे. ‘हे पाप आहे’ एवढ्याच भावनेतून येणारी बोचणी म्हणजे हा आजार नव्हे. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं, तरी हस्तमैथुनाची धास्ती आपल्याकडून गेलेली नाही. तेव्हा कधीमधी पॉर्न बघितलं म्हणून लगेच स्वतःवर शिक्का मारू नका!

गोल गोल फिरणारं चक्र

‘सेक्स अ‍ॅडिक्शन’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसवण्यात पॅट्रिक कार्न्स या अमेरिकन तज्ज्ञाच्या १९८३च्या पुस्तकाचा मोठा वाटा. त्यानं चार पायऱ्यांचं चक्र मांडलं. आधी डोक्यात तोच विचार घोळतो. मग ठरलेली तयारी: दार लावणं, ठरावीक साइट, ठरावीक वेळ. मग ती कृती. आणि शेवटी स्वतःची किळस, निराशा. ती निराशा विसरायला पुन्हा पहिली पायरी! म्हणजे इथे सेक्स सुखासाठी कमी आणि ताण, एकटेपणा, कंटाळा दाबण्यासाठीच जास्त वापरला जातो.

जवळ असूनही लांब

खरा घाव बसतो तो जवळिकीवर. २०११च्या ‘शेम’ या सिनेमात न्यूयॉर्कमधला एक नोकरदार तरुण आहे. अनोळखी बायकांशी त्याचं सगळं सुरळीत चालतं. ऑफिसातल्या जिच्याशी मन जुळू लागतं, तिच्यासमोर मात्र त्याचं शरीर साथ देत नाही. मला हे पटलं. अनोळखी व्यक्तीसमोर किंवा स्क्रीनसमोर आपल्याला उघडं पडावं लागत नाही. कपडे काढले तरी मन झाकलेलंच राहतं. जोडीदारासमोर ते जमत नाही.

आणि जोडीदाराचं काय? माझी मैत्रीण जिमला जाऊ लागली, महागडी नाइटी घेऊन आली. ‘मीच कमी पडतेय’ हे तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. खोटं उघडकीला आल्यावर तर नुसता फोन वाजला तरी तिला धस्स व्हायचं. इथे शरीराइतकीच विश्वासाची मोडतोड होते.

मग करायचं काय?

पहिलं म्हणजे, स्वतःच डॉक्टर होऊ नका. बायपोलर आजारातल्या उन्मादात किंवा पार्किन्सनच्या काही औषधांमुळेही कामेच्छा बेफाम होऊ शकते. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी हवीच. कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीत आपला चक्रात शिरण्याचा क्षण ओळखून तिथेच वेगळी वाट धरायला शिकवतात. गरजेप्रमाणे औषधंही देतात. सरकारची ‘टेलीमानस’ हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालते.

जोडीदारानं पोलिसगिरी करून, पासवर्ड तपासून हा आजार बरा होत नाही. बाहेर संबंध आले असतील, तर दोघांनीही गुप्तरोगांची तपासणी करून घ्यावी. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि आजार आहे म्हणून सगळं माफ, असंही नाही. उपचार घेण्याची जबाबदारी त्याचीच. थांबायचं की निघायचं, हे ठरवण्याचा हक्क तिचा.

माझ्या मैत्रिणीनं अजून काही ठरवलेलं नाही. नवरा दर शनिवारी थेरपिस्टकडे जातो. कधी ती सोबत जाते, कधी नाही. जिम मात्र तिनं सोडलेली नाही. ‘आता माझ्यासाठी जाते,’ म्हणते.